बी.ए. झालं, भरती निघेना. तोवर गावच्या शाळेत काय करता येईल?

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझी अभ्यासिका आहे. चाळीस खुर्च्या, चाळीस दिवे, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, आणि मार्च उजाडला की ज्याची आठवण होते असा एक कूलर. इथं बसणारी पोरंपोरी झाडून सगळी पदवीधर. बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम., दोन-तीन इंजिनिअर. कुणी एमपीएससी करतंय, कुणी तलाठी, कुणी पोलीस, आणि बरेचजण शिक्षक भरतीच्या आशेवर. जाहिरात निघत नाही, निघाली तर कोर्टात अडकते, सुटली तर यादी लागत नाही.

मागच्या जूनमध्ये जावळी तालुक्यातल्या मेढ्याकडचा एक मुलगा माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "मॅडम, आमच्या गावच्या शाळेत पाच वर्गांना दोनच गुरुजी आहेत. मी जाऊन शिकवू का? नाहीतरी दुपारी वाचताना डुलक्याच येतात."

मी आधी "जा की" म्हणाले आणि तो जिन्यापर्यंत पोचायच्या आत त्याला परत हाक मारली. कारण पंचविशीत मी हेच केलं होतं, पाटण तालुक्यातल्या एका वाडीच्या शाळेत, आणि वर्षभर अतिशय उत्साहाने चुकीचं काम केलं होतं. ते पुढे सांगते. आधी त्याचा प्रश्न नीट सोडवू. पदवी झालेल्या माणसाने शाळेत "शिकवणं" याचे निदान चार वेगवेगळे अर्थ होतात, आणि लोक ते चारही एकाच टोपलीत टाकतात.

पहिला अर्थ कायद्याचा. शिक्षक हा शब्द कायद्याने राखून ठेवलेला आहे. नुसत्या बी.ए.वर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता येत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. पण बी.ए., बी.एड. असूनही पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही, हे कळलं की पोरांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला तसा निकाल दिला. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कसब आहे, त्यासाठी वेगळं प्रशिक्षण हवं, असा त्यामागचा विचार. म्हणजे पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका हवी, जिला गावात अजून डी.एड.च म्हणतात. सहावी ते आठवीला पदवी आणि बी.एड. चालतं.

त्यावर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. दीडशे गुणांची. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. खुल्या गटात ९० गुण पडले की तुम्ही पात्र. पात्र म्हणजे नोकरी नव्हे, नोकरी मागायची मुभा. नोकरीसाठी आणखी एक परीक्षा असते, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, तिला पोरं टेट म्हणतात. एक टीईटी, एक टेट! नावं ठेवणाऱ्याला परीक्षेतल्या घोळाचं वावडं नसावं. टेट दोनशे गुणांची, तिच्यात पास-नापास नाही, नुसता क्रमांक. २०२५ पर्यंत ती २०१७, २०२३ आणि २०२५ अशी तीनदाच झाली. तिच्या गुणांवर शिक्षक भरतीच्या सरकारी 'पवित्र' पोर्टलवर पसंतीक्रम भरायचा, यादीत नाव आलं की तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना १६,००० रुपये मानधन. जानेवारी २०२३ पर्यंत ते ६,००० होतं. तीन वर्षांनी कायम.

हा रस्ता लांब आहे, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत कायमचा शिक्षक व्हायचं तर तोच आहे. बाकीचे तीन अर्थ म्हणजे शिक्षकाच्या शेजारी उभं राहण्याचे प्रकार.

त्यातला एक फेलोशिपचा. अमेरिकेत वेंडी कॉप नावाच्या विद्यार्थिनीने १९८९ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या आपल्या पदवीच्या प्रबंधात कल्पना मांडली की चांगल्या कॉलेजांतल्या ताज्या पदवीधरांनी दोन वर्षं गरीब वस्त्यांतल्या शाळांत शिकवावं. पुढच्याच वर्षी 'टीच फॉर अमेरिका' सुरू झालं. आपल्याकडे त्याच धर्तीवर शाहीन मिस्त्रींनी 'टीच फॉर इंडिया' उभं केलं. पहिली तुकडी २००९ मध्ये पुण्या-मुंबईच्या शाळांत गेली. अमेरिकेत २००४ साली एक मोठा तौलनिक अभ्यास झाला. त्याच शाळांतल्या इतर शिक्षकांशी या नवख्यांची तुलना केली, तेव्हा यांची मुलं गणितात थोडी पुढे निघाली आणि वाचनात फरक दिसला नाही. म्हणजे जादू नाही, आणि भीती घालणारे म्हणत होते तसं नुकसानही नाही. पण आपल्याकडच्या या फेलोशिपा मोठ्या शहरांच्या. जावळीच्या वाडीला त्यांचा उपयोग एवढाच, की तिथल्या एखाद्या पोरीने अर्ज करून पुण्याला जावं.

दुसरा अर्थ सरकारी प्रशिक्षणार्थीचा. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. मुदत सहा महिने, नंतर ती वाढवली. यातली बरीच मुलं जिल्हा परिषदेच्या शाळांत नेमली गेली. माझ्या अभ्यासिकेतल्या चौघी गेल्या. त्यांनी काय केलं ते ओघात येईलच.

आणि तिसरा अर्थ तो, जो मेढ्याचा मुलगा विचारत होता. कुणी बोलावलं नाही, कुणी पैसे देत नाही, गाव आपलं आहे म्हणून जायचं. माझ्या मते सगळ्यात जास्त वाव इथं आहे आणि सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तोही इथंच.

दोन गुरुजी, पाच वर्ग: हिशेब करून बघू

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात लिहिलंय की पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, आणि असं वर. कागदावर हे प्रमाण सुंदर दिसतं. पण मुलं साठ असोत की बावीस, वर्ग पाचच असतात. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरांत वाड्या विखुरलेल्या, बापे मुंबईला, शाळेचा पट वीस-पंचवीस. म्हणजे शिक्षक दोन, आणि एकेका गुरुजींसमोर एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता.

त्याच कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय. दिवसाला चार तास पडले. दोन शिक्षकांचे मिळून आठ तास, म्हणजे ४८० मिनिटं. पाच वर्गांना वाटली तर प्रत्येक वर्गाच्या वाट्याला गुरुजींचा थेट वेळ ९६ मिनिटं. त्यात मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास सगळं. उरलेला वेळ मुलं "स्वाध्याय" करतात. पहिलीच्या मुलाने स्वाध्याय करणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी सहा वर्षांचं मूल आहे त्याला विचारा. एक गुरुजी प्रशिक्षणाला किंवा केंद्राच्या बैठकीला गेले की ९६ ची ४८ होतात. शिवाय शालेय पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, आधार, शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि दिवसातून चारदा वाजणारा व्हॉट्सअॅप ग्रुप: "तात्काळ माहिती सादर करावी."

तेव्हा गुरुजी शिकवत नाहीत असं पारावर बसून म्हणणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करावा.

आता याच्यावर दुसरी अडचण. पाठ्यपुस्तक वयाबरोबर पुढे सरकतं, मूल सरकतंच असं नाही. पहिलीत ज्याचं अक्षर पक्कं झालं नाही ते दुसरीत शब्दाला अडतं, तिसरीत परिच्छेदाला, आणि चौथीत परिसर अभ्यासाचं पान उघडून नुसतं बसतं. गुरुजींना अभ्यासक्रम पुढे न्यायचाच असतो. 'असर' या पाहणीत खेडोपाडी घरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. २०२४ साली देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या शंभरांपैकी २७ मुलांना ती वाचता आली. पाचवीतल्या शंभरांपैकी सुमारे ४९. म्हणजे पाचवीच्या निम्म्या मुलांसमोर रोज असं पुस्तक उघडलं जातं जे त्यांना वाचताच येत नाही.

ही पाहणी गावोगाव कोण करतं? बहुतेक जिल्ह्यांत स्थानिक कॉलेजातली आणि अध्यापक विद्यालयातली पोरं. दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण, हातात एक कागद. त्या कागदावर एका बाजूला अक्षरं, मग शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद, मग गोष्ट. मूल जिथं सहज वाचतं ती त्याची पातळी. पाच मिनिटांत कळतं. इतकं साधं साधन, पण वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं बसायची उसंत दोन शिक्षकी शाळेत कुणाला असते?

माझं वर्ष कसं वाया गेलं

पाटणच्या त्या शाळेत मी चौथीचा वर्ग घेतला. कॉलेजातून ताजी आलेली, डोक्यात भूगोल भरलेला. पोरांना कोयनेचं धरण, वीज कशी होते, पाऊस का पडतो, सगळं रंगीत खडूंनी. पोरं खूश, मी खूश, गुरुजी तर फारच खूश, कारण एक वर्ग कमी झाला. दिवाळीच्या सुट्टीआधी मी सहज म्हणून एका मुलीला फळ्यावरचं वाक्य वाचायला सांगितलं. ती गप्प. तिच्या वहीत मात्र ते वाक्य जसंच्या तसं, माझ्याहून सुंदर अक्षरात. बारा मुलांपैकी सात जण अक्षरांची चित्रं काढत होते. चार महिने.

यात त्या मुलीचा दोष नव्हता आणि गुरुजींचाही नव्हता. माझा होता. मी शाळेला एक जास्तीची शिक्षिका दिली होती. मुलांना लागत होतं वेगळंच.

नंतर बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की हीच चूक मोठ्या प्रमाणावरही झालेली आहे. 'प्रथम' ही मुंबईत सुरू झालेली, शिक्षणात काम करणारी संस्था, तिच्या कामाचं अर्थशास्त्रज्ञांनी अनेक राज्यांत मोजमाप केलं. त्यात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. उत्तराखंडात शाळांना स्वयंसेवक दिले, तर शाळांनी त्यांना नेहमीचे शिक्षक म्हणून वर्गांवर वाटून टाकलं. परिणाम जवळपास शून्य. उत्तर प्रदेशात जौनपूरकडे स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनाचे वर्ग घेतले. जी मुलं आली ती शिकली, पण दहांत एखादंच मूल यायचं.

आणि जिथं जमलं ते? मुंबई आणि वडोदऱ्यात 'बालसखी' नावाचा प्रयोग होता. बालसखी म्हणजे वस्तीतलीच तरुण मुलगी, माध्यमिक शाळेपर्यंत शिकलेली, पदवीधरसुद्धा नव्हे. सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. शाळेच्या वेळेतच, रोज साधारण दोन तास, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं वर्गातून बाजूला घेऊन बसायची आणि फक्त पायाभूत वाचन आणि गणित करायची. मुलांचे गुण स्पष्ट वाढले, आणि सगळ्यात जास्त वाढले ते तळातल्या मुलांचे.

या तीन उदाहरणांत फरक कशाचा आहे बघा. शिकवणाऱ्याच्या पदवीचा नाही. वेळ शाळेतला होता का, काम ठरलेलं होतं का, आणि मुलं वयावरून न बसवता पातळीवरून बसवली होती का, एवढ्याचाच. पातळीनुसार गट करण्याच्या या पद्धतीवर आता बरंच सरकारी काम उभं आहे; केंद्राचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं ते तिसरीपर्यंतच्या मुलांचं वाचन आणि संख्याज्ञान पक्कं करण्यासाठीच.

पदवीधर असल्याचा फायदा काहीच नाही का? आहे. पण तो भूगोलाच्या ज्ञानाचा नव्हे. मूल नेमकं कुठं अडलंय याचा माग काढायला जरा शोधक बुद्धी लागते, ती कॉलेजात थोडीफार घासली जाते. मराठीत मूल अडतं त्या जागा ठरलेल्या आहेत, आणि मला या भागावर बोलायला आवडतं, तेव्हा थोडा वेळ घेते.

पहिली जागा: पहिली वेलांटी. 'किती' हा शब्द बघा. डोळ्याला आधी वेलांटी दिसते, तोंडाने आधी 'क' म्हणायचा. मोठ्यांना हे जाणवतही नाही. डावीकडून उजवीकडे एकेक खूण वाचत जाणाऱ्या मुलाला मात्र ती फसवणूक वाटते. मग ते ती वेलांटी सोडूनच देतं आणि 'कती' म्हणतं.

दुसरी जागा म्हणजे र. मराठीत र चार रूपं घेऊन फिरतो. 'सूर्य' मध्ये तो डोक्यावर बसतो, पण म्हणायचा आधी. 'प्रकाश' मध्ये पोटात तिरकी रेघ. 'राष्ट्र' मध्ये खाली काकपद, म्हणजे उलट्या व्हीसारखी खूण. 'वाऱ्यावर' मध्ये आणखी निराळा. आणि 'पृथ्वी' तला ऋ या चौघांत मिसळून जातो. जोडाक्षरांशी थांबलेल्या दहा मुलांना मी हल्ली तपासते तेव्हा पाच-सहा जण या र पाशीच असतात. त्यांना पुन्हा क ख ग पासून सुरू करायची गरज नसते. आठवडाभर फक्त र च्या चार कपड्यांचा खेळ घ्या: कार्डं करा, वर्तमानपत्रातून असे शब्द शोधून गोल करायला लावा, एसटीच्या पाट्यांवरून वाचायला लावा. 'कऱ्हाड' ही एक पाटीच साताऱ्याच्या पोरासाठी अर्धा धडा आहे.

तिसरी जागा संख्यांची नावं. पोराने 'त्रेपन्न' ऐकलं की त्याच्या कानावर आधी तीन पडतात, म्हणून ते ३५ लिहितं. मूल मठ्ठ नाही, आज्ञाधारक आहे. ऐकलं त्या क्रमाने लिहिलं. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस. संख्या विशीतली, नाव तिशीचं. एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळायचा आणि ९९ ला अचानक नव्याण्णव. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, ही जोडीला दिलेली पायरी आहे. विनोद करणाऱ्यांतल्या कुणी दुसरीच्या मुलाला त्रेपन्न लिहायला सांगून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

चौथी, हातच्याची वजाबाकी. ५२ उणे २७. मूल ३५ लिहितं. "चूक" म्हणून फुली मारली तर विषय संपला. कसं काढलंस असं विचारलं तर ते सांगतं: पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. त्याने मोठ्यातून लहान वजा केले, कारण पहिलीत कुणीतरी त्याला सांगितलंय की नेहमी मोठ्यातून लहान काढायचं. याला फळा लागत नाही. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे लागतात. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेवून "यातून सात दे" म्हणायचं. ते दोन काड्या देतं, मग हात थांबतो, मग ते स्वतःहून गठ्ठ्याचा दोरा सोडतं. तो दोरा सुटताना बघायला मला अजूनही आवडतं.

हे साताऱ्याला नवं आहे का?

मुळीच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह आणलं. शाळा काढायच्या तर शिक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. शहरातला शिकलेला माणूस डोंगरात राहायला तयार नव्हता. त्यांनी उत्तर शोधलं ते वसतिगृहातच. बहुजनांची पोरं शिकवायची, आणि त्यांनाच परत गावात शिक्षक म्हणून धाडायचं. १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज त्यांनी सुरू केलं. पुढे गावोगाव ज्या व्हॉलंटरी शाळा निघाल्या त्यांची संख्या साडेपाचशेच्या पुढे गेली. शाळा कुठं देवळात, कुठं चावडीत.

भाऊरावांचं नाव हल्ली भाषणाच्या सुरुवातीला घेतात आणि पुढे विसरतात. त्यांच्या कामातला जो भाग मला महत्त्वाचा वाटतो तो म्हणजे त्यांनी पोरांना आधी प्रशिक्षण दिलं. नुसतं "जा, समाजाचं ऋण फेड" असं म्हणून पिटाळलं नाही. शेजारच्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंनीही वर्गात उभं राहण्याआधी शिकवायचं कसं ते शिकून घेतलं होतं. आपण मात्र पदवीचा कागद मिळाला की शिकवता येतंच असं धरून चालतो.

आता त्या चौघींचं. प्रशिक्षणार्थी म्हणून शाळांत गेल्या त्यांपैकी दोघींना मुख्याध्यापकांनी पहिल्या दिवशीच संगणकापुढे बसवलं. सहा महिने ऑनलाइन माहिती भरली. त्या चिडून आल्या होत्या. मी त्यांच्या बाजूने चिडले नाही, त्याचं त्यांना वाईट वाटलं. पण वरचा हिशेब आठवा. तुम्ही दिवसाला दीड तासाची कारकुनी उचललीत आणि तो वेळ गुरुजींनी वर्गाला दिला, तर एका प्रशिक्षित, डी.एड. झालेल्या, वीस वर्षांच्या अनुभवी माणसाचे ९० मिनिटं मुलांना परत मिळाले. दिले का? एका शाळेत दिले. दुसरीत नाही दिले. तिथं गुरुजींनी तो वेळ आणखी कारकुनीला दिला. हा सौदा पहिल्या दिवशी तोंडाने बोलून ठरवावा लागतो.

तिसरी वाळवा तालुक्यात, कारखान्याच्या पट्ट्यात होती. तिथं वेगळीच गंमत. दिवाळीनंतर बीड-धाराशिवकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर पोरं येतात. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, मूळ शाळेतून आणलं तर जवळच्या शाळेत बसता येतं. पण पहाटे चारला फडावर जाणारी आई लेकराला शाळेत सोडायला कधी येणार? ही पोरगी रोज नऊ वाजता पालावर जायची आणि नऊ-दहा मुलांची रांग शाळेत आणायची. सहा महिन्यांत तिने शिकवलं फार थोडं. माझ्या लेखी चौघींत सगळ्यात मोठं काम तिचंच.

चौथीने लग्न ठरलं म्हणून महिन्यात सोडलं.

सोडून जाणं हा या सगळ्यातला दुखरा भाग आहेच. फेलो दोन वर्षांनी जातो, प्रशिक्षणार्थीची मुदत संपते, स्वयंसेवकाची भरती निघते. मुलं लळा लावतात, मग एका सोमवारी ताई येत नाहीत. यावर मला सापडलेला एकच उपाय म्हणजे पहिल्या महिन्यापासून गावातल्या कुणाला तरी हाताशी धरणं. २०२२ पासून राज्यात 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारीचं अभियान चालतं, त्यात गावोगाव मातांचे गट केले होते. बऱ्याच ठिकाणी ते गट अजून आहेत, निदान व्हॉट्सअॅपवर तरी. त्यातली एक आई, जिला दुपारी तासभर मिळतो, तिला कार्डांचा खेळ शिकवलात तर तुम्ही गेल्यावर खेळ थांबत नाही. बालसखी तरी दुसरं कोण होती?

मेढ्याच्या मुलाला मी जिन्यातून परत बोलावलं ते हे सगळं सांगायला, पण इतकं काही एका दमात सांगता येत नाही. म्हणून कामाचं तेवढं सांगितलं. परस्पर वर्गात जाऊ नकोस. आधी मुख्याध्यापकांना भेट, त्यांनी हो म्हटलं तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवायला सांग. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांना तू कोण हे माहीत असायला हवं. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांच्या कानावर घालायला सांग. पोरांबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही, व्हरांड्यात बसायचं, दार उघडं. हात उगारायचा नाही; कायद्याने बंदी आहे आणि तसाही उपयोग नाही. पोरांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत. आठवड्याला पाच दिवस येतो म्हणून दोनच दिवस जाण्यापेक्षा तीनच सांग आणि तीनही जा. वेळ एक तास, तोही गुरुजी देतील तो. दहाच मुलं घे.

"आणि शिकवायचं काय?" त्याने विचारलं.

"पहिले दोन आठवडे काहीच नाही. एकेका मुलाशेजारी बसून त्याचं वाचन ऐक आणि वहीत लिहून काढ, कुठल्या अक्षराला थांबलं."

तो जरा हिरमुसला. बी.ए.ला इतिहासात पहिला आलेला मुलगा, त्याला शिवकाल शिकवायचा होता. तरी गेला. पंधरा दिवसांनी वही घेऊन आला. शाळेतल्या बावीस मुलांची नावं, प्रत्येकापुढे अडलेली अक्षरं. चौथीतल्या एका मुलापुढे त्याने लिहिलं होतं: "सगळं वाचतो. फक्त र आला की माझ्याकडे बघतो."

मी त्याला कार्डांसाठी पुठ्ठे दिले आणि कात्री.